चंदेरी डब्याचा स्वभाव

बनुबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्यांवर जुन्या धोतराचं फडकं होतं, आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली होती: एक वीट, एक वरवंटा, पाण्यानं भरलेला एक तांब्या आणि एक अमेरिकन डिजिटल-टू-ॲनलॉग कन्व्हर्टर. चिंतामणराव जिन्याची शेवटची पायरी चढून वर आले. त्यांनी विटेकडे पाहिलं, वरवंट्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि चौथ्या कोपऱ्याशी त्यांची नजर ठेचकाळली. चंदेरी पत्रा, गोलसर कडा, पुढच्या अंगाला एकच बारीक दिवा. सत्त्याण्णव सालच्या एप्रिलातलं सांगलीचं ऊन त्या पत्र्यावरून उसळून नेमकं त्यांच्या डोळ्यांत येत होतं. त्यांनी दोन पावलं डावीकडे सरून पाहिलं. तिकडूनही तो तोच होता.

"आवं भाऊजी, एवढ्या उन्हाचं वर कशाला आलासा?" पाण्याच्या टाकीच्या सावलीत काठी घेऊन कावळे राखत बसलेल्या बनुबाई म्हणाल्या. "ह्ये बर्फ आणाय गेल्यात. येतील इतक्यात."

"वहिनी, हा डबा इथं कसा?"

"त्यो व्हय? लय ब्येस बसतोय. वीट हालती, ह्यो हालत न्हाई."

"अहो, पण तो गाण्याचा आहे."

"हुता," बनुबाई म्हणाल्या आणि कावळ्याला काठी दाखवली. "कवाच जळलाय त्यो. आल्या दिशीच. पोरानं अमेरिकेतनं फोनवर चारदा सांगितलं, आबा, तिकडची वीज निम्म्या जोराची असती, आधी ट्रान्सफार्मर लावा. पर आमचं सुभेदार! जलम शिग्नलात गेला, मला शिकवतंय व्हय बेनं, म्हनलं, आन् दिला खोचून भितीत. असा धूर निघाला म्हनता! भोगीचा सण, भाकरी तव्यावर, आन् म्या पळतीया पान्याचा तांब्या घिऊन."

"भोगीला?"

"व्हय की. दुसऱ्या दिशी संक्रांतीला तुमी नव्हतासा का आला साताऱ्यासनं? तवा वास मावत नव्हता घरात. उदबत्त्या लावल्या म्या चार." मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण ते नेमकं काय ते आठवलं नाही. "बरं, हात नका लावू हं कुरडयास्नी. औंदाच्या अजून पार वल्या हायत. खाली गेल्या सालच्या तळून देते."

चिंतामणरावांनी हात लावला नाही. ते जिना उतरले. उतरताना त्यांनी कठडा धरला, आणि कठडा लोखंडी असल्यामुळे तो चटका देऊन गेला. हा चटका खरा होता. निदान एवढं तरी आपलं आपल्याला कळतं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि तो विचार त्यांना मुळीच आवडला नाही.

खालच्या खोलीत त्यांची खुर्ची होती. हंबीररावांच्या विश्रामबागेतल्या बंगल्यात सोफे पुष्कळ होते, पण ती वेताची खुर्ची मास्तरांची. दुसरं कोणी तिच्यावर बसलं तर हंबीरराव, म्हणजे कुंडलचा ऊस आणि फौजेचं पेन्शन दोन्ही ज्याच्या घरात येतं असा हा सहा फुटी गृहस्थ, त्याला कॉलर धरून उठवायचा. समोर सीडी प्लेअर, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर. संक्रांतीला मात्र ही खुर्ची उलटी केलेली होती, खिडकीकडे तोंड आणि यंत्राकडे पाठ. कल्पना चिंतामणरावांचीच. विज्ञानाचे शिक्षक होते ते, साताऱ्यात तीस वर्षं. डोळा हा फितूर असतो, तो कानाला जाऊन आधीच सांगतो, म्हणून डोळ्याला बाजूला काढलं पाहिजे, असं त्यांनी बनुबाईंच्या देखत समजावून सांगितलं होतं. मामला गंभीर होता. सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात. त्या आकड्यांचं पुन्हा गाणं करणारा तो कन्व्हर्टर. तसा एक प्लेअरच्या पोटातही असतोच, पण तो पोटभाडेकरू. खरं गाणं ऐकायचं तर त्याला स्वतंत्र बिऱ्हाड पाहिजे, हे चिंतामणरावांनी परदेशी मासिकांत वाचलं होतं आणि आयुष्यात एकदाच करायची अशी खरेदी करायला ते निघाले होते. उमेदवार दोन. एक काळा, इंग्रजी, मुंबईच्या एका दलालामार्फत आलेला. दुसरा चंदेरी, हंबीररावांच्या मुलानं पाठवलेला. हंबीररावांनी मागे वायरी बदलत आळीपाळीनं दोन्ही लावायचे; मास्तरांनी ज्याला पसंती द्यायची तो मास्तरांनी साताऱ्याला न्यायचा, उरेल तो सुभेदारांचा. खरं तर हंबीररावांच्या मुलाची भेट मास्तरांना नेऊ देणं हेच जरा अति होतं, पण हंबीरराव म्हणाले होते, "पोराला काय कळतंय? कान तुमचा. तुमी म्हनाल त्योच खरा."

कान तुमचा. चिंतामणरावांजवळ बाकी काय होतं? प्रकृती बेताची, पेन्शन बेताचं, स्वभाव (पत्नी गोदावरीबाईंच्या मते) बेताचा. पण कान होता. साताऱ्यात लोक जुनी मोटार घ्यायला मेकॅनिकला नेत आणि नवा टेप घ्यायला चिंतामणरावांना. तंबोरा उतरला की गवयाच्या आधी त्यांच्या कपाळाला आठी पडे, आणि ती आठी बघून साथीदार खुंट्या पिळू लागत, अशी आख्यायिका होती. ती त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही. कोणी सांगू लागलं तर थांबवलीही नाही.

तर त्या दिवशी ते खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघत बसले. मागे एका बाईंची मुलतानी सुरू झाली. थोड्या वेळानं गाणं थांबलं, 'खट्ट' असा आवाज आला, थोडी शांतता, पुन्हा तोच तुकडा. पुन्हा 'खट्ट'. आणि चिंतामणरावांना एखादा पडदा सरकावा तसं लख्ख दिसू लागलं. हा पहिला. आता दुसरा. नाही, थांबा, अजून दुसराच. आता पुन्हा पहिला. "बरोबर!" मागून हंबीरराव ओरडत. "बरोबर मास्तर! आयला, भुतासारखा वळखताय!" चिंतामणराव बोलत सुटले. काळ्यात बाईंचा षड्ज कृष्णाकाठच्या मातीसारखा होता, ओला, काळा, पाऊल रुतेल असा. चंदेरीत सगळं स्पष्ट होतं, पण कोरडं. म्हसवडच्या माळावर कुणीतरी हाक मारावी तसं. चंदेरीत तंबोऱ्याच्या तारा मोजता येत होत्या, काळ्यात त्या मोजाव्याशा वाटत नव्हत्या. हे शेवटचं वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते परतीच्या एसटीत कराडपर्यंत मनाशी घोळवलं, आणि पुढे नगरवाचनालयाच्या संगीत मंडळात 'डब्याचा स्वभाव' या विषयावर तासभर बोलताना दोनदा वापरलं. टाळ्या पडल्या. एका दातांच्या डॉक्टरांनी भाचीला अमेरिकेत फोन करून चंदेरी आणू नकोस म्हणून कळवलं. सबंध चंदेरी डब्याचं चारित्र्य सातारा शहरात कायमचं डागाळलं. आणि संक्रांतीला ते ऐकत होते तेव्हा तो चंदेरी डबा एक दिवस आधीच मरून पडलेला होता.

चिंतामणरावांनी खुर्चीच्या वेतात बोटं रुतवली. मेलेल्या माणसाच्या गाण्यात आपण दोष काढले. आणि एकदा नाही, दर 'खट्ट'नंतर. काळा एकटाच गात होता आणि त्याला आपण कधी ओला म्हणत होतो, कधी कोरडा. तेही चाललं असतं, माणूस चुकतो. पण मागं उभा राहून दरवेळी बरोबर, बरोबर म्हणणारा कोण होता? जळका वास आला होता त्यांना त्या दिवशी. नाक शाबूत होतं. ते म्हणालेही होते, "तीळ करपले वाटतं वहिनींचे." आणि हंबीरराव पट्कन म्हणाले होते, "व्हय, हिचं ध्यान कुठं आसतंय!" म्हणजे बायकोच्या अंगावर ढकलून मोकळा झाला, आणि लगेच वाटी पुढे केली. तीळगूळ घ्या, गोड बोला. गोड बोला! वर्षातून एकदा सगळ्या महाराष्ट्रानं एकमेकांना दिलेला हुकूम, आणि तो या सुभेदारानं फौजी शिस्तीत पाळला होता. चिंतामणरावांनी त्या दिवशी चार लाडू खाल्ले होते. ते आता कुठंतरी छातीत अडकल्यासारखे झाले.

घरात सगळं शांत होतं. फ्रीज गुरगुरत होता. त्याचा सूर पेटीच्या काळी एकच्या जरासा खाली आहे असं चिंतामणरावांना वाटलं, आणि लगेच वाटलं, असेल कशावरून? साताऱ्यात तो काळा डबा लावून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गोदावरीबाई भाजी निवडत होत्या. चिंतामणरावांनी त्यांना खास डबा काढून ऐकवलं, मग डबा लावून ऐकवलं, आणि विचारलं, काही फरक? गोदावरीबाई म्हणाल्या, "मघाचंच परत लावलंत होय? मला वाटलं संपलं." तेव्हा ते दयाळूपणे हसले होते. आता ते पाणी कशाचं होतं? डब्याचं की बाईंचं की नुसतं म्हातारपणाचं? आणि मग, जसा एखाद्या स्वेटरचा धागा ओढला की मागचं मागचं सगळं सुटत जातं, तसे ते मागे सुटत गेले, थेट सदुसष्ट सालच्या गणपतीत, सांगलीच्या एका पेठेतल्या मांडवात. समोर गाणं, आणि शेजारी रजेवर आलेला एक दांडगा जवान, पाय दुमडायची सवय नसल्यामुळे उंटासारखा बसलेला. बडा ख्याल, सम आली, चिंतामणरावांची मान पडली, आणि शेजारून आवाज आला, "व्वा!" चिंतामणरावांनी वळून पाहिलं. अख्ख्या मांडवात ती जागा फक्त दोघांना कळली होती. गाणं संपल्यावर दोघांनी एका कपात अर्धा अर्धा चहा घेतला. मग तीस वर्षं. रजा, बदल्या, लग्नं, निवृत्त्या, पण जिथं चिंतामणरावांची मान तिथं हंबीररावांचा 'व्वा'. मान पडली की लगेच. मान, व्वा. मान, व्वा. लगेच, पण नंतर. केसभर नंतर. चिंतामणराव ताठ बसले. तीस वर्षं तो 'व्वा' नेहमी केसभर नंतर येत होता, आणि त्यांना वाटत होतं की ही त्याची अदब आहे.

बाहेर स्कूटर थांबली. "मास्तर! बसलाय का गेलासा?" हंबीरराव आत आले ते बर्फाची गोणपाटातली लादी बगलेत मारून, शर्ट भिजलेला. "पन्हं करतोय. कैरी कुंडलची, आपल्या बांधावरची. लय आंबट, ब्रह्मांड आठवतंय." मग चिंतामणरावांच्या तोंडाकडे बघून, "काय झालं वो? ऊन लागलं?"

"नाही. बसलो होतो." चिंतामणरावांनी घसा साफ केला. सरळ विचारावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. अजून वेळ होता; याच घटकेला तो म्हणाला असता, मास्तर, माझ्या हातनं जळला, तुमाला सांगायला लाज वाटली, तर सगळं पुन्हा जागेवर आलं असतं. निदान तीस वर्षं तरी वाचली असती. "हंबीरराव, तो चंदेरी दिसत नाही तुमचा? लावलेला नाही?"

हंबीरराव बर्फ फोडत होते. बत्ता वर गेलेला, तो तिथंच थोडा थांबला, मग खाली आला. "त्यो? दिला की पुतन्याला. शिवतेजला. कुंडलात आसतोय, मळ्यावर. लय मागं लागला हुता."

"असं. ऐकतो का तो?"

"ऐकतोय की. रोज."

"मग काय म्हणतो? आवाज कसा वाटतो त्याला?"

हंबीररावांनी बर्फाचा एक खडा तोंडात टाकला आणि अगदी सहज सांगितलं, "कोरडा. तुमी म्हनला हुतासा तसाच."

चिंतामणरावांनी मान हलवली.  आपलेच शब्द असे इस्त्री करून परत मिळतात तेव्हा ते घ्यावेच लागतात. डोक्यावर, स्लॅबच्या पलीकडे, तो पुतण्या फडक्याचा कोपरा दाबून कुरडया राखत बसलेला होता.

पन्हं झालं. हंबीररावांनी सीडी लावली. तीच, मुलतानी. "तुमची लाडकी," म्हणाले, आणि मागच्या सोफ्यावर जाऊन बसले. ही त्यांची रीतच होती, मास्तर पुढे आणि आपण मागे. मानाचा माणूस पुढे. मानाचा की मानेचा, असं चिंतामणरावांच्या मनात आलं, आणि या वयातही आपल्याला असले विनोद सुचतात याची त्यांना शिसारी आली. तंबोरे सुरू झाले. बाईंनी पहिला स्वर लावला. आणि मागून आवाज आला: खट्ट.

चिंतामणरावांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. अडकित्ता. सुपारी. खट्ट. संक्रांतीच्या दिवशी मागे वायरी बदलल्या जात नव्हत्या, मागे सुपारी कातरली जात होती. तो आवाज त्यांनी नेमका ओळखला, त्यातली धातूची किनार, मग सुपारीचं मऊ मोडणं. हजारांत ओळखला असता. कान शाबूत होता तर. फक्त त्याला जे ऐकायला नको होतं तेवढंच त्यानं तेव्हा ऐकलं नव्हतं. हे समजून त्यांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ख्याल सुरू झाला. विलंबित, ऐसपैस. एकेक आवर्तन भरल्या बैलगाडीसारखं सावकाश फिरून समेवर येत होतं. पहिली सम. चिंतामणरावांची मान पडली, सवयीनं. "व्वा," मागून, केसभर नंतर. दुसरी. मान. "व्वा." समोर काचेचं कपाट होतं, त्यात हंबीररावांची पदकं आणि तोफेच्या गोळ्याचं एक रिकामं पितळी टरफल. काचेत मागचा सोफा दिसत होता, सोफ्यावर हंबीरराव, त्यांचा एक हात सोफ्याच्या दांडीवर. चिंतामणरावांनी ठरवलं. तिसरं आवर्तन निम्म्यावर आलं, जिथं काहीच नव्हतं, बाई नुसत्या निषादाशी रेंगाळत होत्या, तबला आपला मोजत होता, सम अजून पार लांब होती. तिथं मान टाकायची. मान तिकडे जाईना. त्यांच्या मानेला साठ वर्षांत कधी खोटं बोलायची वेळ आली नव्हती. मानेतल्या शिरा ताठ झाल्या, कानामागे घाम आला. लहानपणी विहिरीत पहिली उडी मारताना असं झालं होतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि मान टाकली. नुसती टाकली नाही, जागा जिंकल्यासारखी, हात उचलून टाकली.

"व्वा!" मागून आलं. "क्या बात!"

चिंतामणरावांनी डोळे उघडले. म्हणजे याला कळत नाही. तीस वर्षं मी एकटाच ऐकत होतो. मांडवात, बैठकांत, या खोलीत, एकटाच, आणि मागे एक माणूस माझ्या मानेकडे बघत होता. ते काचेत बघत राहिले. गाणं पुढे चालूच होतं. बाईंना याचं काही नव्हतं. आवर्तन फिरलं. मुखडा आला. सम आली, खरी. चिंतामणरावांनी मान दगडासारखी धरली. मागून 'व्वा' आला नाही. पण काचेत, सोफ्याच्या दांडीवर, हंबीररावांचं बोट उचललं गेलं आणि नेमकं समेवर, केसभरही नंतर नाही, अलगद खाली टेकलं.

पुढच्या आवर्तनालाही टेकलं. त्याच्या पुढच्याही. चिंतामणराव बघत होते. त्याला कळत होतं. सगळं कळत होतं, तो जळालेला डबा, ती चुकलेली सम, आणि कोण जाणे आणखी किती. बोट त्याचं स्वतःचं होतं आणि तोंड माझ्या मानेचं. आता यातलं वाईट काय, त्याला कळत नव्हतं हे, की कळत होतं हे? न कळणाऱ्यानं फसवलं असतं तर चिंतामणरावांना निदान वर उभं राहून क्षमा करता आली असती. आता ती सोयही नव्हती. आणि तीस वर्षांत मी किती वेळा चुकलो असेन? तो कोणत्या कोणत्या 'व्वा'ला माझ्यासाठी खाली उतरला असेल? मांडवातला पहिला 'व्वा', तो तरी? त्या अर्ध्या कप चहाची चव त्यांना अजून आठवत होती, आलं जास्त झालं होतं. ती चव आता कोणाला विचारून पक्की करायची?

गाणं संपलं. हंबीरराव उठून पुढे आले, डोळे भरलेले. खरोखर भरलेले. "मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या बरुबर ऐकायचं म्हंजे येगळंच आसतंय बगा. एकट्याला न्हाई मजा."

हेही खोटं असेल, असं चिंतामणरावांनी मानून पाहिलं. ते खोटं वाटेना. त्यामुळे तर आणखीच उपाय नाहीसा झाला.

बनुबाई ताटलीत तळलेल्या कुरडया घेऊन आल्या, पांढऱ्या, फुललेल्या. "खावा भाऊजी. गरम हायत तवर." चिंतामणरावांनी ताटलीतल्या दोन कुरडया उचलल्या. एक डाव्या हातात, एक उजव्या. त्यांनी डोळे मिटले. डावीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. मग उजवीचा. वर गच्चीवर या सालच्या कुरडया ओल्या पडलेल्या त्यांनी तासापूर्वीच पाहिल्या होत्या. त्यांचा कोपरा कोण धरून आहे तेही पाहिलं होतं. ताटलीत होत्या त्या सगळ्या एका डब्यातल्या, एकाच सालच्या. वहिनी सांगतील. वहिनी कधी खोटं बोललेल्या नाहीत.

"ही औंदाची," उजवा हात वर करून ते म्हणाले. "मोकळी. हलकी. आणि ही गेल्या सालची. जरा कोरडी."

"आवं, औंदाच्या तर आजून—" बनुबाई म्हणाल्या.

"बरोबर!" हंबीरराव ओरडले. त्यांनी मांडीवर थाप मारली. "आयला मास्तर, जीभ हाय का काय! बरोबर वळखलं!" आणि बायकोकडे बघितलं.

बनुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग भाऊजींच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांचं स्वतःचं तोंड उघडं होतं, ते मिटलं. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "व्हय. बरोबर हाय."

चिंतामणरावांनी डोळे उघडले नाहीत. उरलेली कुरडई त्यांनी तोंडात टाकली आणि दात मिटले. आवाज फार मोठा झाला. निदान तो तरी त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आला.